मर्लिन बर्ड आयडी: परसातला अनोळखी पक्षी ओळखताना हे ॲप कुठपर्यंत साथ देतं

पावसाळा सरला की परसातल्या जास्वंदीवर एक पक्षी दिसू लागतो. चिमणीहून लहान, चोच बारीक आणि खाली वाकलेली, पाठ मातकट, पोट फिकट पिवळं, आणि कंठापासून पोटापर्यंत अगदी मधोमध शाईचा ओघळ उतरावा तशी काळी-निळी रेघ. बघणारा दर वेळी म्हणतो, ‘हा नवीनच दिसतोय.’ खरं तर तो जांभळ्या शिंजिराचा नर असतो. विणीच्या दिवसांत जो चकाकता जांभळा-काळा दिसतो, तोच. हंगाम संपला की ती पिसं गळतात, तो मादीसारखा मळकट पिवळा होतो आणि मधली तेवढी रेघ अंगावर राहते.

मर्लिन बर्ड आयडी हे ॲप पारखायचं असेल तर या पक्ष्यापासून सुरुवात करावी. माहिती नीट भरली तर ॲप त्याचं नाव यादीत वर आणून ठेवतं, आणि तरीही माणसं त्या नावावरून पुढे निघून जातात. कारण नावासोबतचा पहिला फोटो बहुधा चकाकत्या नराचा असतो. ‘आपला तर पिवळा होता’ म्हणत बोट खाली सरकतं. तोच फोटो आडवा सरकवला असता तर मादी आणि विणीबाहेरचा नर दोन्ही दिसले असते.

ॲपचं बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही इथे एकत्र दिसतात. मर्लिन तुम्हाला योग्य गल्लीत आणून सोडतं. घर तुम्ही ओळखायचं. आणि घराच्या खुणा, म्हणजे भुवई, पंखावरचा पट्टा, बुडाचा (शेपटीखालच्या भागाचा) रंग, यांबद्दल ते तुम्हाला एकही प्रश्न विचारत नाही. त्या खुणा तुमच्या डोळ्यांत आधीच साठवलेल्या असाव्या लागतात.

ॲप कसलं आणि कसं बसवायचं

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका इथे कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी ही संस्था आहे. तिचं हे ॲप. २०१४ मध्ये ते उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांपुरतं सुरू झालं. पुढे फोटोवरून ओळखायची सोय आली, २०२१ मध्ये आवाजावरून ओळखायची, आणि भारतातले पक्षीही त्यात आले. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, पैसे भरल्यावर उघडणारा कुठला भागही नाही.

त्यामागचा आधार म्हणजे ई-बर्ड. जगभरचे पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदींच्या याद्या तिथे टाकतात, त्यावरून कुठल्या भागात कुठल्या आठवड्यात कोणता पक्षी असण्याची शक्यता किती, हे ॲपला कळतं. म्हणूनच ठिकाण आणि तारीख या दोन गोष्टी चुकल्या की पुढचं सगळं चुकतं. फोटो गावी काढला आणि आठवड्यानंतर शहरात परतल्यावर ॲपमध्ये टाकला, तर ठिकाण आणि तारीख हाताने बदला. नाहीतर कोकणातल्या पक्ष्याचा शोध नागपूरच्या यादीत चालू राहतो.

बसवताना घाई करू नका. ॲप उतरवलं की आपल्या भागाचा पक्ष्यांचा पॅक वेगळा उतरवावा लागतो. त्याला फोनमध्ये बरीच जागा लागते, म्हणून वाय-फायवरच करा आणि आधी जुने व्हिडिओ काढून जागा मोकळी करा. पॅक एकदा आला की प्रश्न, फोटो आणि आवाज या तिन्ही वाटा नेटवर्कशिवाय चालतात. आंबोलीत किंवा मेळघाटात रेंज नसताना याचं मोल कळतं. ‘ॲप काहीच ओळखत नाही’ ही तक्रार पुष्कळदा पॅक न उतरवल्यामुळे किंवा भलत्याच प्रदेशाचा पॅक घेतल्यामुळे येते. एकापेक्षा जास्त पॅक ठेवता येतात, तेव्हा मुलाकडे न्यू जर्सीला किंवा सिडनीला जाणाऱ्यांनी तिथला पॅक निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावा.

पाच प्रश्न

तीन वाटांपैकी पाच प्रश्नांची वाट शिकण्यासाठी सर्वांत चांगली. पक्षी कुठे दिसला, कधी दिसला, केवढा होता, मुख्य रंग कोणते, काय करत होता. इतकंच.

आकाराच्या प्रश्नात चार छायाकृती दिसतात: चिमणी, रॉबिन, कावळा आणि गूज, आणि त्यांच्या मधल्या जागाही निवडता येतात. आपल्याकडे घोळ होतो तो दुसऱ्या आकृतीवर. ‘रॉबिन’ वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर इंडियन रॉबिन म्हणजे चिरक येतो, नाहीतर दयाळ. ॲपमधला रॉबिन अमेरिकन आहे, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा. चिरक भरतो जेमतेम १७ सेंटिमीटर, दयाळ २० च्या आत-बाहेर. म्हणून रॉबिनच्या जागी सरळ साळुंकी धरा. ती जवळपास तेवढीच असते. मग मापं सोपी होतात. चिमणी १५ सेंटिमीटर, साळुंकी २३ ते २५, गावकावळा ४०. दयाळ आणि बुलबुल चिमणी व साळुंकीच्या मधे. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी साळुंकी आणि कावळ्याच्या मधे. घार कावळ्याच्या वर आणि गूजच्या खाली. गूज म्हणजे हिवाळ्यात जलाशयांवर उतरणाऱ्या पट्टकादंबासारखा मोठा हंस. परसात त्याची गरज पडणार नाही.

आकाराचा अंदाज चुकतो तो अंतरामुळे. मोकळ्या आभाळासमोर तारेवर बसलेला पक्षी आहे त्याहून मोठा वाटतो, दाट पानांत बसलेला लहान. शेजारी ओळखीचं काहीतरी शोधा. वाळत घालायच्या दोरीवरचा चिमटा साधारण सात-आठ सेंटिमीटरचा असतो. फुलटोच्या हा आपल्याकडचा सर्वांत छोटा पक्षी जेमतेम त्या चिमट्याएवढा भरतो.

रंगांच्या प्रश्नात एक ते तीन रंग निवडायचे असतात. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की निकाल पुष्कळ सुधारतो. पहिली: विटकरी, तांबूस या छटा ॲपमध्ये लाल रंगासोबत आहेत. भारद्वाजाच्या पंखांचा रंग आपण बोलताना तपकिरी म्हणतो. ॲपमध्ये त्यासाठी काळ्यासोबत लाल निवडून पाहा. दुसरी: क्षेत्रफळ बघून रंग निवडा. लालबुड्या बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल ठिपका नजरेत भरतो म्हणून लोक ‘लाल’ सर्वांत आधी निवडतात. तो पक्षी मुळात काळपट तपकिरी आहे. तपकिरी आणि काळा निवडा, तिसरा हवा तर लाल.

शंका असेल तो रंग टाकूच नका. तीन चुकीच्या रंगांपेक्षा एक पक्का रंग चांगला. भर दुपारी आभाळासमोर दिसलेला पक्षी काळाच दिसतो, आणि शिंजिराची चकाकी सावलीत विझून जाते. दाट झाडाखाली पांढऱ्या पोटावरही हिरवट झाक पडते. रंग ठरवायला सकाळी आठ-नऊचं तिरपं ऊन सर्वांत प्रामाणिक.

शेवटचा प्रश्न: तो काय करत होता. दाण्याच्या भांड्यावर खात होता, पाण्यात होता, जमिनीवर, झाडाझुडपात, कुंपणावर किंवा तारेवर, की उडत होता. यातलं एकच निवडायचं असतं. पक्षी जमिनीवरून उडून तारेवर बसला असेल, तर जिथे तो चरत होता ती जागा निवडा. जास्वंदीतला मध पिणारा शिंजीर म्हणजे झाडाझुडपातला. दाण्याच्या भांड्याचा पर्याय त्याच्यासाठी नाही.

यानंतर नावांची यादी येते. ती सहसा लांबलचक असते, आणि इथून पुढचं काम तुमचं.

चोचीपासून शेपटीपर्यंत

पक्षी समोर असताना फोन खिशात ठेवा. बहुतेक पक्षी एका जागी दहा सेकंदही टिकत नाहीत, आणि ॲप उघडेपर्यंत तो गेलेला असतो. नजर ठरलेल्या क्रमाने फिरवायची सवय लावा: चोच, डोळा, कंठ, छाती-पोट, पंख, बूड, शेपटी, पाय. क्रम रोज तोच ठेवला की काही सुटत नाही.

चोच निम्मं काम करते. जाड त्रिकोणी चोच असेल तर दाणे खाणारा, म्हणजे चिमणी, मनोली, सुगरण. बारीक टाचणीसारखी असेल तर कीटक खाणारा वटवट्या. बारीक आणि वाकडी असेल तर शिंजीर. जाड, मुळाशी मिशीसारखे केस असलेली असेल तर तांबट किंवा कुटुर्गा. आकडीसारखं टोक असेल तर शिक्रा-घार किंवा खाटीक. यादीतली वीस नावं चोचीवरूनच पाच-सहावर येतात.

डोळ्यापाशी तीन वेगळ्या खुणा असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. डोळ्यावरून जाणारी फिकट रेघ म्हणजे भुवई. डोळ्यातून आरपार जाणारी गडद रेघ वेगळी. डोळ्याभोवतीचं कडं तिसरं. चष्मेवाल्याला पांढरं कडं असतं, भुवई नसते. साध्या वटवट्याला फिकट भुवई असते. राखी वटवट्याला विणीच्या काळात भुवई नसते, हिवाळ्यात मात्र छोटीशी पांढरी भुवई येते, म्हणून डिसेंबरात केवळ भुवईवर विसंबू नका. त्याचं राखाडी डोकं आणि बदामी पोट बघा.

पंखावर पट्टा आहे का, एक की दोन, हे बघा. सुभग या पिवळ्या-हिरव्या पक्ष्याच्या गडद पंखांवर दोन पांढरे पट्टे ठळक असतात. शिंप्याच्या पंखावर पट्टा नसतो, डोक्यावर तांबूस टोपी असते.

बूड म्हणजे शेपटीखालचा भाग. आपल्याकडच्या बऱ्याच पक्ष्यांची ओळख तिथेच ठरते, आणि नवशिके तिथे बघतच नाहीत. उडून जाताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसल्या का, शेपटीचं टोक पांढरं होतं का, हेही टिपा.

टिपायचं कागदावर. मोबाइलवर लिहायच्या नादात पक्षी सुटतो. हाताच्या पंजाएवढं वेडंवाकडं चित्र आणि त्यावर बाण पुरेसे होतात.

यादी हाती आल्यावर: काही नेहमीचे घोटाळे

काळा-पांढरा पक्षी, जमिनीवर, आकार चिमणीच्या आसपास, एवढंच भरलं तर ॲप किमान चार नावं समोर ठेवतं आणि चारही परसात येणारी असतात. दयाळाच्या नराचं डोकं, छाती, पाठ काळी, पोट स्वच्छ पांढरं आणि पंखावर लांब पांढरा पट्टा. मादीत काळ्याच्या जागी राखाडी. चिरकाचा नर जवळजवळ पूर्ण काळा. खांद्यावरचा पांढरा डाग बसल्यावर बरेचदा झाकलेला असतो, पण शेपटी उभारली की बुडाचा तांबूस रंग दिसतो आणि तिथे प्रश्न सुटतो. कवड्या गप्पीदास या सगळ्यांत लहान, १३ सेंटिमीटरच्या आसपास. नर काळा, पंखावर पांढरा डाग, बूड पांढरं. कुंपणाच्या सर्वांत वरच्या काटकीवर बसतो, खाली झेपावून किडा उचलतो आणि परत तिथेच येतो. चौथा मोठा धोबी: काळ्या डोक्यावर ठळक पांढरी भुवई, शेपटी सतत खालीवर, आणि पाणी जवळ असणारच. चौघांत बूड तांबूस, पांढरं पोट, काटकीवरची बैठक आणि भुवई या चार खुणा वेगळ्या काढल्या की यादीत एकच नाव उरतं.

दुसरा घोटाळा पावशा आणि शिक्रा यांचा. पावशाचं अंग शिक्र्यासारखं राखाडी, शेपटीवर पट्टे, उडण्याची ढबही तशीच. इतर पक्षी त्याला बघून ओरडायला लागतात. फरक चोच आणि पायांत आहे. शिक्र्याची चोच आकडीसारखी वाकडी, पाय मजबूत, नख्या टोकदार, आणि कंठाच्या मधोमध एक गडद रेघ. पावशाची चोच तितकी वाकडी नसते, डोळ्याभोवती पिवळं कडं असतं, पाय नाजूक, दोन बोटं पुढे नि दोन मागे. शिक्रा फांदीवर ताठ बसतो, पावशा अंग आडवं टाकून. पिल्लांत तर दोघांच्याही पोटावर गडद खुणा असतात, तेव्हा पोटावर वेळ घालवू नका. मृगाच्या आधी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू आलं की आवाजाच्या वाटेनेही खात्री करता येते.

कोकिळेची मादी हा सर्वाधिक विचारला जाणारा पक्षी असावा. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, लांब शेपटी, लाल डोळा, फिकट हिरवट चोच. काळ्या नरालाच कोकीळ समजणाऱ्यांना ही ससाण्यासारखी वाटते. ॲपमध्ये आकार ‘कावळा’, रंग तपकिरी आणि पांढरा टाका. इथेही पहिला फोटो काळ्या नराचा असण्याची शक्यता धरूनच पुढे सरकवा. लाल डोळा जुळला की थांबा.

होल्यांत मान बघायची, दुसरं काही नाही. मानेच्या मागे काळ्यावर पांढरे ठिपके असतील तर ठिपकेवाला होला. मानेच्या मागे फक्त एक काळी अर्धी कडी असेल तर पठाणी होला. मानेच्या पुढच्या बाजूला, छातीच्या वर, काळ्या ठिपक्यांची पट्टी असेल तर छोटा तपकिरी होला.

शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला गालावरचा लाल ठिपका नसतो आणि बूडही फिकट असतं. तुरा टोकदार आहे का बघा. पिल्लातही तो उभारलेला दिसतो. लालबुड्याच्या पिल्लाशी तुलना करायची तर त्याची पांढरी कंबर आणि शेपटीचं पांढरं टोक शोधा.

शिंजिरांत मादी ओळखायची तर कंठ बघा. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या मादीचा कंठ राखट पांढुरका आणि छाती-पोट पिवळं. जांभळ्या शिंजिराच्या मादीचा कंठही पिवळट. आणि चोच आखूड, सरळसर, फिकट गुलाबी दिसली तर तो शिंजीर नाहीच, फुलटोच्या आहे. जवळपास आंब्यावर बांडगूळ किंवा सिंगापूर चेरीचं झाड बहुधा सापडेल.

फोटोची वाट

फोटो निवडल्यावर पक्षी चौकट भरून टाकेपर्यंत मोठा करायचा असतो. ही पायरी वगळणारे बरेच असतात. चौकटीत निम्मी पानं असतील तर ॲप पानांकडेही बघतं. फोन दुर्बिणीच्या एका भिंगाला टेकवून काढलेला फोटोसुद्धा चालतो, फक्त कडेचं काळं वर्तुळ कापून टाका. पक्षी आभाळासमोर काळा पडत असेल तर पडद्यावर पक्ष्यावर बोट टेकवून उजेड वाढवा. आभाळ पांढरं झालं तरी चालेल, पोट दिसलं पाहिजे. बाजूने एक आणि पाठीमागून शेपटी-बुडाचा एक, असे दोन फोटो असले तर दोन्ही वेगवेगळे टाकून बघा. दोन्हींना तेच नाव आलं तर भरवसा ठेवायला हरकत नाही.

फोटोवरून ॲप बिनचूक ओळखतं ते ठळक पक्षी: खंड्या, हळद्या, तांबट, टकाचोर, हुदहुद. ते आपल्यालाही ओळखता येतात. हिवाळी वटवट्यांवर मात्र फोटोची वाट अपुरी पडते. ग्रीनिश वॉर्बलरला पंखावर एकच पुसट पट्टा, ह्यूम्स वॉर्बलरला दोन, ब्लिथ्स रीड वॉर्बलर पट्ट्याविना सपाट तपकिरी. पण पिसं झिजली की पुसट पट्टा पुसूनच जातो आणि हलणाऱ्या फोटोत तो मुळातच उमटत नाही. या पक्ष्यांसाठी पुढची वाट धरावी.

आवाजाची वाट

रेकॉर्डिंग सुरू केलं की पडद्यावर आवाजाचा चालता आलेख दिसतो आणि ओळखलेली नावं एकाखाली एक येतात. पक्षी पुन्हा बोलला की त्याचं नाव उजळतं. फोनचा माइक पक्ष्याच्या दिशेने धरा, हात स्थिर ठेवा, बोटांनी कव्हर घासू देऊ नका, पंखा बंद करा. गच्चीवर पाण्याची मोटर चालू असेल तर थांबा. दोन मिनिटं पुरतात. जे नाव प्रत्येक हाकेला उजळतं ते खरं धरा. एकदाच उजळून गेलेलं नाव सोडून द्या. रेकॉर्डिंग फोनमध्ये राहतं, नंतर शांतपणे ऐकता येतं.

दोन सापळे सांभाळायचे. एक म्हणजे खार. तिचं लांबत जाणारं ‘चिक-चिक-चिक’ पुष्कळांना पक्ष्याचंच वाटतं. ॲपने नाव दिलं नाही तर आधी फांदीवर खार आहे का बघा. दुसरा सापळा नकलांचा. भृंगराज, तांबूस पाठीचा खाटीक आणि हरेवा हे दुसऱ्या पक्ष्यांच्या हाका हुबेहूब काढतात. एकाच झाडाच्या एकाच फांदीवरून मिनिटभरात चार पक्ष्यांची नावं आली, तर चार पक्षी शोधू नका, एक नकलाकार शोधा.

ॲपमध्ये प्रत्येक पक्ष्याचे आवाज ऐकायलाही मिळतात. ते घरात, इअरफोन लावून ऐका. बाहेर मोठ्याने वाजवलं की नर आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून घरटं, चारा, पिल्लं सोडून धावून येतो. विणीच्या दिवसांत एकाच दयाळाला पाच वेळा असं बोलावणं म्हणजे त्याची सकाळ वाया घालवणं. हे कृपा करून करू नका.

ज्यांचं नाव यादीत येत नाही

टकली साळुंकी दरवर्षी कोणाला तरी चकवते. डोक्यावरची पिसं गळतात आणि खालची पिवळी कातडी उघडी पडते. गिधाडाचं पिल्लू वाटावं असं रूप होतं. पंखावरचा मोठा पांढरा डाग, पिवळे पाय आणि तपकिरी अंग जुळलं की ती साळुंकीच.

रंगद्रव्य कमी असलेले पक्षीही भेटतात: पंखात पांढरी पिसं असलेला कावळा, अर्धवट पांढरा बुलबुल. ॲप रंगांवर चालतं, त्यामुळे इथे ते भलतंच नाव देऊ शकतं. चोच, आकार आणि चालण्याची ढब बघा, रंग विसरा.

पिंजऱ्यातून सुटलेले बजरीगर आणि कॉकटील शहरात दिसतात. तुमच्या भागाच्या नोंदींत ते नसल्यामुळे यादीत वर येणार नाहीत. असा पक्षी भलताच रंगीत आणि माणसाला न घाबरणारा असेल तर शेजारच्या इमारतींत विचारणं जास्त उपयोगी.

नावं आणि नोंदी

मराठी नावं गावागणिक बदलतात. शिंजिराला कोणी सूर्यपक्षी म्हणतं, कोणी फुलचुखी. आणि फुलचुखी म्हणून कोणी फुलटोच्याही दाखवतं. त्यामुळे दुसऱ्याला विचारताना ॲपमधलं इंग्रजी नावही सोबत सांगावं. तीही बदलतात. आपल्याकडचा चष्मेवाला आधी ओरिएंटल व्हाइट-आय होता, आता इंडियन व्हाइट-आय आहे. जुन्या पुस्तकातलं नाव ॲपमध्ये सापडलं नाही तर पक्षी नाहीसा झालेला नसतो, नाव बदललेलं असतं.

पानाखाली ‘हाच माझा पक्षी’ अशा अर्थाचं बटण असतं. ते दाबलं की तो पक्षी तुमच्या कायमच्या यादीत जातो. किमान दोन खुणा स्वतःच्या डोळ्यांनी जुळल्याशिवाय ते दाबू नका. ‘बहुतेक तोच’ एवढ्यावर भरलेली यादी दोन वर्षांनी वाचताना कुठली नोंद खरी आणि कुठली अंदाजाची, हे तुम्हालाच सांगता येत नाही. शंका राहिली तर फोटो आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे जाणकार माणसं बघतात आणि बहुतेक वेळा कारणासह सांगतात.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. परसात किंवा गच्चीवर किमान पंधरा मिनिटं बसायचं, दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर टाकायचे. मर्लिन शिकायला जानेवारी हा चांगला महिना आहे: हिवाळी पाहुणे अजून मुक्कामाला असतात, पानगळीमुळे फांद्या उघड्या होऊ लागतात, आणि जास्वंदीवरच्या त्या पिवळ्या शिंजिराच्या अंगावर जांभळी पिसं ठिपक्याठिपक्याने परतू लागलेली दिसतात.